टप्पा

चेतनाचा मेसेज पहाटे साडेपाचला:
"पप्पा, बस थांबलीय. बॉर्डर. सगळ्यांना उतरवलंय."
तिकडे रात्रीचा एक.
इकडे शिरपुरात करवंद नाक्यावर
चहावाला स्टोव्हला पंप मारतोय, ऐकू येतं.

इस्तंबूल ते व्हिएन्ना, मोठी लक्झरी,
आतच संडास, सीटपाशी चार्जिंगचं भोक,
चहा देणारा पोरगा म्हणे टाय लावून.
विमान दुप्पट पडतं, म्हणाली,
मग हसली: "आणि मी एस्टीवाल्याचीच ना शेवटी."

काल वहीत हिशेब मांडला.
सोळाशे किलोमीटर, भागिले सहा,
दोनशे सहासष्ट टप्पे, वर थोडं उरतं.
महामंडळात उरलेल्याचाही पूर्ण टप्पा धरतात.
दोनशे सदुसष्ट.
सीमा चार.

माझ्या बत्तीस वर्षांत सीमा एकच,
पळासनेरच्या पुढची.
तिथे काही नव्हतं हो. ट्रकांची रांग,
गंजलेला बोर्ड, भुईमुगाच्या शेंगा विकणारी पोरं,
खड्डे, दोन्हीकडे आपापल्या सरकारचे.
ड्रायव्हर आधार गिरासे.
बोर्ड आला की दोन बोटं कपाळाला लावायचा,
बिजासनीच्या नावानं, म्हणायचा.
मला वाटतं ब्रेकच्या.

माणसं तीच.
"कथा चालनी व माय?" विचारलं
तर पलीकडच्या गावची बाईही बरोबर उत्तर द्यायची,
पावरी बोलणारी पोरं
दोन्ही बाजूंना सारखीच हसायची.
बदलायचा तो फक्त दराचा तक्ता.

"पासपोर्ट घेऊन गेलाय एक जण.
सगळ्यांचे लाल, माझा एकटीचा निळा.
बाजूला उभं केलंय मला. थंडी आहे खूप."

मी लिहिलं: जेवनी का?
दुसरं काही सुचलं नाही.

मोबाइल पालथा ठेवला
आणि ती बाई आली.
अठ्ठ्याऐंशी साल असेल. जांभळं लुगडं,
काखेत पोर, टोपलीत झाकलेली कोंबडी.
मुठीतले पैसे घामानं ओले झालेले,
मोजले तर सीमेपर्यंतचेच.
सेंधव्याला बहीण बाळंत झालीय, म्हणाली.
पुढे चेकिंग असायचं. नेहमी नाही,
पण असायचं.
मी म्हणालो, टप्पा संपला. उतर.

ती भांडली नाही.
भांडली असती तर विसरलो असतो,
भांडणारे रोज दहा भेटत.
आधी कोंबडी खाली ठेवली, मग पोर,
मग स्वतः उतरली, दांडा धरून, सावकाश,
जणू गाडीला लागू नये काही.
मी दोरी दोनदा ओढली.
आधारनं आरशातून पाहिलं.
त्या दिवशी त्याची बोटं कपाळाकडे गेली नाहीत.

तिथून सेंधवा चार टप्पे. घाटाचे.
पैसे कमी होते दोन रुपये चाळीस.
आकडा पाठ आहे.
तोंड आठवत नाही.
माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा
पानाचे साडेतीन रुपये होते,
हेही आठवतं, नको असताना.

सहा पंचावन्नला:
"दिला पासपोर्ट! शिक्का मारला.
पप्पा, ड्रायव्हर गेलाच नाही माझ्यासाठी,
पाऊण तास उभा राहिला दारात, सिगरेट ओढत.
आता हंगेरी. तुम्ही झोपला नाहीत का?"

झोपलो होतो, आत्ताच उठलो, असं लिहिलं.
त्या ड्रायव्हरचं नाव विचार, असंही लिहिलं,
ते पुसलं.

वही उघडली.
दोनशे सदुसष्टच्या खाली चार लिहिले,
अधिकचं चिन्ह काढलं.
बेरीज केली नाही.

आता सातची सेंधवा स्टँडावर लागली असेल.
अर्धी रिकामीच जाते म्हणतात हल्ली.